*स्लोवो : अटी लागू

शनिवार सकाळ. पोहे, चहा आणि मोबाईल. घरच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आलेला. वर मोठ्या अक्षरात 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा', खाली यादी. द्वा – द्वौ, त्रि – त्रीणि, चेतिरे – चत्वारि, ब्रात – भ्रातृ, मात – मातृ, अगोन् – अग्नि, नेबो – नभस्, स्लोवो – श्रवस्. आणि शेवटी निकाल : रशियन भाषा संस्कृतातून जन्मली, सिद्ध!

एरवी मी असल्या गोष्टींना अंगठा दाखवून (म्हणजे लाईक करून) पुढे जातो. पण या यादीशी माझं जुनं वैर आहे. कारण काही वर्षांपूर्वी हीच यादी, जवळपास शब्दशः, मी आमच्या चेक सहकाऱ्याला पाठवली होती. रिलीज नुकती झाली होती, मूड चांगला होता, म्हंटलं जरा संस्कृतीची देवाणघेवाण करू. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. पहिली : "छान आहे. रशियात काही लोक हीच यादी दाखवून संस्कृत रशियनमधून निघाली असं सिद्ध करतात." दुसरी ओळ म्हणजे एक स्मायली.

त्या स्मायलीनं माझा वीकेंड खाल्ला. ज्या पुराव्यावरून एकाच वेळी 'अ पासून ब' आणि 'ब पासून अ' दोन्ही सिद्ध होतं, त्याला आपल्या धंद्यात पुरावा म्हणत नाहीत. दोन फाईली सारख्या दिसल्या तर कोणी कोणाची कॉपी मारली हे नुसतं बघून कळत नाही. कदाचित दोघांनी तिसऱ्याची मारली असेल. हे तर आपल्याला कॉलेजच्या सबमिशनपासून माहीत आहे :)

तेव्हापासून मी फावल्या वेळात एकाच शब्दाच्या मागे लागलोय. तो शब्द म्हणजे *स्लोवो. अर्थ 'शब्द'. आजचा विषय तोच, आणि आजचं भांडणही त्याच्यावरूनच.

आधी ती चांदणी. दुकानाच्या पाटीवर किमतीच्या डोक्यावर छोटी चांदणी असते आणि खाली बारीक अक्षरात 'अटी लागू', आठवतंय? भाषाशास्त्रातली चांदणी त्याच्या बरोबर उलटी. दुकानदार ती लपवण्यासाठी लावतो, भाषाशास्त्रज्ञ कबुली देण्यासाठी लावतो. शब्दाच्या आधी * म्हणजे : "हे रूप कुठंही लिहिलेलं सापडलेलं नाही. उपलब्ध भाषांवरून आम्ही ते मागे जाऊन बांधलंय." एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडितामुळे ही पद्धत रुळली.

प्रोटो-स्लाविक, म्हणजे आजच्या रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन वगैरे सगळ्यांची आद्य भाषा, लिहिलीच गेली नाही. सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ 863 च्या सुमारास मोराव्हियात धर्मप्रसाराला गेले आणि स्लाव्ह बोलीसाठी लिपी तयार झाली, तोवर मूळ भाषेला फाटे फुटायला लागले होते. त्यांच्या भाषांतरांतून जी भाषा कागदावर आली तिला जुनी चर्च स्लाव्होनिक म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ग्रीक 'लोगोस'ला त्यांनी शब्द निवडला तो हाच, स्लोवो. त्यांच्या वर्णमालेत 'स' या अक्षराचं नावसुद्धा 'स्लोवो'.

आता गंमत. हा शब्द चालवून बघा. (शाळेत 'देव' चालवला होता तसा.)

प्रथमा : स्लोवो. षष्ठी : स्लोवेसे. प्रथमा बहुवचन : स्लोवेसा.

हा 'एस' मधेच कुठून टपकला? प्रथमेत तर त्याचा मागमूस नाही. नियमानं चालणारं स्लाव्ह नाम असं अंगात आल्यासारखं वागत नाही. म्हणजे हे आपल्याला भेटणाऱ्या जुन्या कोडसारखं झालं : एक विचित्र इफ-कंडिशन, खाली कॉमेंट नाही, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. असा तुकडा दिसला की अनुभवी माणूस तो काढून टाकत नाही. तो विचारतो, हे इथं कशासाठी होतं?

आता संस्कृत 'श्रवस्' चालवा. नपुंसकलिंगी, सकारान्त. प्रथमा श्रवः, षष्ठी श्रवसः, बहुवचन श्रवांसि. ग्रीकमध्ये 'क्लेओस', अर्थ कीर्ती. त्याची षष्ठी होमरच्याही आधी 'क्लेवेसोस' अशी होती, मग दोन स्वरांमधला स ग्रीकांनी गिळला. म्हणजे तिन्हीकडे एकाच जागी एकच 'स'. स्लाव्हिकमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळून पडली, त्यामुळे प्रथमेतला स गेला. षष्ठीत त्याच्या पुढे अजून एक स्वर होता, त्या आडोशाला तो वाचला. बस्स, एवढंच रहस्य.

माझ्या मते खरा पुरावा हा आहे. 'स्लोवो' आणि 'श्रवस्' ऐकायला सारखे वाटतात हा नाही. ऐकायला सारखे शब्द जगात कुठल्याही दोन भाषांत ढिगानं सापडतात. दोन भाषांनी एकाच जागी एकच विचित्रपणा जपून ठेवावा, हे योगायोगानं होत नाही. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं बरोबर असली तर काही सिद्ध होत नाही. दोघांची चूक एकच असली, की मास्तर दोघांनाही उभं करतात.

आणि हे कोडं आपल्या रोजच्या मराठीतही आहे, कोणी दाखवत नाही इतकंच. आपण 'मन, मनाचं' म्हणतो. सरळ चालवतो, स टाकून दिला. पण मनस्ताप? मनस्वी? यश – यशाचं, पण यशस्वी. तेज – तेजाचं, पण तेजस्वी. आला ना स बाहेर! रशियननं अगदी हेच केलंय. आज त्यांची षष्ठी सरळ 'स्लोवा' अशी होते, स गेला. पण वाङ्मयाला जुना शब्द आहे 'स्लोवेस्नोस्त', तिथं तो दडून बसलाय. नेबो म्हणजे आकाश, त्याचं बहुवचन आजही नेबेसा. स्लोव्हेनियन भाषेत स्लोवोचा अर्थ बदलून 'निरोप' झाला, पण षष्ठीत 'स्लोवेसा' म्हणताना स कायम. आणि माझ्या त्या स्मायलीवाल्या मित्राच्या चेक भाषेत 'स्लोवेसो' म्हणजे क्रियापद. तो शाळेत असताना व्याकरणाच्या तासाला जो शब्द घोकत होता त्याच्या पोटात आपल्या 'यशस्वी'तला स होता. आणि जावा लिहिणाऱ्यांनो, लॅटिनमध्ये 'गेनुस', षष्ठी 'गेनेरिस'. दोन स्वरांमधल्या स चा लॅटिननं र केला. त्यावरून आलेल्या तुमच्या 'जेनेरिक्स'मधला र म्हणजे हाच स, वेष पालटून!

बरं, 'कीर्ती'चा 'शब्द' कसा झाला? मूळ धातू ऐकण्याचा. आपला श्रु, श्रवण, श्रोता. जे ऐकू येतं ते श्रवस्. एखाद्याबद्दल चार गावात जे ऐकू येतं ती कीर्ती. आणि तोंडातून निघून कानावर पडतो तो शब्द. अवेस्तातही हाच शब्द उक्ती, वचन अशा अर्थानं येतो. 1853 मध्ये आडाल्बेर्ट कून यांनी दाखवून दिलं की ऋग्वेदात श्रवस् ला 'अक्षित' आणि होमरमध्ये क्लेओस ला 'आफ्थितोन' हे जे विशेषण लागतं, ते मुळात एकच आहे. अक्षय कीर्ती. महाभारतातला भूरिश्रवा, अथेन्सचा पेरिक्लेस आणि कीव्हचा यारोस्लाव्ह, तिघांच्या नावाच्या शेपटीत एकच धातू. मला तर हे वाचून काटा आला होता.

इथपर्यंत काका खूश असणार. "मग आम्ही तरी वेगळं काय म्हणतोय?"

वेगळं हे म्हणताय काका, की एक आई आणि दुसरी मुलगी. आता तेवढंच तपासू.

आपल्याला फोटो कॉम्प्रेस केलेला माहीत असतो. मूळ फोटोवरून लहान फाईल करता येते. लहान फाईलवरून मूळ फोटो परत मिळत नाही, कारण माहिती गेलेली असते. भाषेत पण असंच. दोन वेगळे ध्वनी एकदा एकमेकांत मिसळले की त्या भाषेच्या पोरींना ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. कसे करणार? कुठला कुठं होता ते कोणाला ठाऊक?

श्रवस् मध्ये र आहे. भरति (वाहतो) मध्येही र. स्लाव्हिकमध्ये पहिल्याला ल (स्लोवो) आणि दुसऱ्याला र (बेरो, घेतो). स्लाव्ह लोकांनी जर हे संस्कृतातून उचललं, तर कुठल्या र चा ल करायचा हे त्यांना कसं कळलं? आणि योगायोग असा की त्यांनी जिथं जिथं ल केला, तिथं ग्रीकांनीही ल केला (क्लेओस), आणि जिथं र ठेवला तिथं त्यांनीही र (फेरो)! दोघांनी फोन करून ठरवलं होतं का? सरळ उत्तर असं की मुळात दोन ध्वनी होते, त्यांनी ते वेगळे ठेवले आणि संस्कृतात ते बहुतेक ठिकाणी र मध्ये मिसळले.

स्वरांचंही तेच. नभस् मध्ये दोन्ही अ. नेबो मध्ये आधी ए, मग ओ. ग्रीक 'नेफोस'मध्येही ए आणि ओ. संस्कृतात ए, ओ, अ हे तिन्ही जुने ऱ्हस्व स्वर 'अ'मध्ये विरघळले. "हे कशावरून?" तर खुद्द संस्कृतात पुरावा आहे. 'कृ'चं रूप 'चकार' होतं. क ची द्विरुक्ती करायची तर 'ककार' व्हायला हवं, मग च कुठून? पाणिनीनं नियम नोंदवून ठेवलाय. कारण 1870 च्या दशकात अनेकांना स्वतंत्रपणे सापडलं : त्या पहिल्या अक्षरात मुळात ए होता, आणि ए-इ च्या आधी क ची जीभ घसरून च होतो. मग ए चा अ झाला, पण च तसाच राहिला. गुन्हेगार पळाला, पायाचा ठसा राहिला. आपलं 'चक्र' घ्या : ग्रीक 'क्युक्लोस', इंग्रजी 'व्हील', सगळीकडे ल. चक्रात पहिल्या क चा च झालेला आणि ल चा र झालेला. एकाच शब्दात दोन ठसे.

आता उलट बाजू, म्हणजे त्या रशियन अभिमानवाल्यांचा हिशोब. संस्कृतात 'दा' म्हणजे देणं आणि 'धा' म्हणजे ठेवणं. स्लाव्हिकमध्ये दाती आणि देती, दोन्हीकडे द. त्यांच्याकडे द-ध, ब-भ हा भेद पुसला गेला. संस्कृत जर रशियनची मुलगी असेल तर कुठला द आणि कुठला ध हे तिला स्वप्नात दिसलं का?

म्हणजे दोन्ही दावे एकाच दगडात पडले. दोघींनी काहीतरी हरवलंय आणि काहीतरी जपलंय, आणि जे हरवलंय ते एक नव्हे. एकाच सर्व्हरचे चार बॅकअप, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी करप्ट. चारही समोर ठेवले तर मूळ डेटा बराचसा परत मिळतो. एकालाच 'ओरिजिनल' म्हणून बसलात तर त्याच्या करप्ट जागा कायमच्या खऱ्या होऊन बसतात.

माझा खरा आक्षेप इथं आहे. संस्कृतला सगळ्यांची आई म्हणणं हा तिचा गौरव नाही. साक्षीदार म्हणून तिची जी किंमत आहे ती त्यात मातीमोल होते. द-ध चा भेद, तो शेवटचा स, ही तिची साक्ष आहे, आणि ती साक्ष बाकीच्यांशी ताडून बघितली तरच तिला वजन. आईची साक्ष कोण ताडतंय? तिथं नुसतं पाया पडायचं.

आता दोन नेहमीचे आक्षेप.

"हे सगळं गोऱ्या लोकांनी रचलंय." विल्यम जोन्सचं 1786 चं कलकत्त्यातलं भाषण अशा फॉरवर्डांत हमखास असतं, संस्कृत ग्रीकपेक्षा परिपूर्ण वगैरे. त्याच भाषणात लगेच पुढे तो म्हणतो की या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. ते वाक्य कात्री लावून टाकलेलं असतं. गोरा माणूस अर्ध्या परिच्छेदापुरता चालतो! शिवाय धातू आणि प्रत्यय वेगळे काढून शब्द उकलायचा ही शिस्त युरोपनं संस्कृत व्याकरणपरंपरेकडूनच घेतली. आणि 1877 साली आपल्या मुंबईत रा. गो. भांडारकरांनी विल्सन व्याख्यानं दिली ती 'संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा' या विषयावर. त्या भाषांत पाली, प्राकृत, मराठी, हिंदी आहेत. रशियन नाही. भांडारकरांना अभिमान कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

"चांदणीवाले शब्द म्हणजे कल्पनाविलास." कल्पनाविलास तपासता येत नाही, हे तपासता येतं. 1879 मध्ये एकवीस-बावीस वर्षांच्या सोस्यूरनं निव्वळ व्याकरणातल्या विसंगतींवरून सांगितलं की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत, जे तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत थेट दिसत नाहीत. पुढे तुर्कस्तानात हित्ती भाषेच्या मातीच्या विटा निघाल्या, 1915 मध्ये बेद्रिख ह्रोझ्नीनं (हाही चेकच!) ती भाषा उलगडली, आणि 1927 मध्ये कुरिवोविचनं दाखवलं की त्या जागांवर हित्तीत खरोखरच 'ह' सारखं व्यंजन बसलेलं आहे. आणि हो, हित्तीत आकाश म्हणजे 'नेपिस', षष्ठी 'नेपिसास'. तोच स, तीन हजारांहून जास्त वर्षं जुन्या विटेवर.

आता एका माणसाबद्दल सांगतो, मग संपवतो. अन्द्रेय झालिझ्न्याक, रशियन भाषाशास्त्रज्ञ, 2017 मध्ये गेले. रशियात 'इगोरच्या मोहिमेचं स्लोवो' नावाचं जुनं काव्य आहे, 1185 च्या स्वारीवर. ते छापलं गेलं 1800 मध्ये, हस्तलिखित 1812 च्या मॉस्कोच्या आगीत जळालं. मग दोनशे वर्षं वाद : खरं की अठराव्या शतकातली बनवाबनवी? राष्ट्रीय अभिमानाचा विषय, त्यामुळे आवाज मोठे, पुरावा छोटा. झालिझ्न्याकनी 2004 च्या पुस्तकात ना अभिमानाचा आधार घेतला ना संशयाचा. वाक्यात छोटे छोटे शब्द कुठल्या जागी बसतात, द्विवचन कसं वापरलंय, हे मोजलं. नोव्हगोरोदला 1951 पासून भूर्जसालीवरची जुनी पत्रं सापडत आलीत, त्यांच्या भाषेचे ते जाणकार. निष्कर्ष असा, की हे बनवायला त्या बनावटखोराला असं व्याकरण माहीत हवं होतं जे विद्वानांना एकोणिसाव्या-विसाव्या शतकात कळलं. म्हणजे काव्य खरं. आणि 'वेलेसचं पुस्तक' म्हणून जो प्राचीन स्लाव्ह ग्रंथ अभिमानी मंडळी डोक्यावर घेऊन नाचत होती, तो त्याच व्याकरणाच्या कसोटीवर त्यांनी खोटा ठरवला. एक बाजूनं, एक विरुद्ध, कसोटी एकच. रशियनमधून जगातल्या सगळ्या भाषा काढणाऱ्या हौशी लोकांना त्यांनी जाहीर व्याख्यानांतून झोडपलं. आणि याच माणसानं रशियन विद्यार्थ्यांसाठी संस्कृत व्याकरणाची रूपरेषा लिहिली, ती 1978 च्या संस्कृत-रशियन शब्दकोशाला जोडलेली आहे. संस्कृतवरचं प्रेम असंही असतं.

असो. मी शेवटी काकांना फोन केला. (ग्रुपवर वाद घालून कोणाचं भलं झालंय?) काका तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवत होते, त्यांच्यासमोर हे सगळं सांगायचं म्हणजे माझी जीभ जड.

"काका, मनस् चालवून दाखवा ना."

"का रे, परीक्षा घेतोस का? मनः मनसी मनांसि..."

"षष्ठी?"

"मनसः मनसोः मनसाम्."

"आता हे ऐका. स्लोवो, स्लोवेसे, स्लोवेसा."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग काका हळूच म्हणाले, "अरे, हा तर सकारान्त चालतोय." आवाजात असा आनंद, की फॉरवर्डमध्ये तो कधी ऐकला नव्हता. पुढची चाळीस मिनिटं आम्ही र-ल वर भांडलो. आई-मुलगीचं त्यांना काही पटलेलं नाही. "बरं, आई नाही तर थोरली मावशी तरी म्हण" इथवर तडजोड झाली. फॉरवर्ड त्यांनी डिलीट केला नाही. पण रात्री ग्रुपवर त्याच्याखाली त्यांचा एक मेसेज आला : "यातल्या प्रत्येक शब्दाची षष्ठी शोधून द्यावी. उद्यापर्यंत."

अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडे ती यादी आली तर तुम्हीही हाच गृहपाठ परत पाठवा.